गरम दुधाचं वाक्य

सोमवार, ३ तारीख

प्रिय भिंगरी,

आज दुपारी बारा वाजता चॅनेलच्या मॅडमनी फोनवर पक्कं सांगितलं: आमच्या मालिकेतली कप्तान मरणार. शुक्रवारी, २८ तारखेच्या भागात. गेला आठवडाभर नुसती कुजबुज होती. दिग्दर्शक ‘बघू’ म्हणत होता आणि निर्माते फोन उचलत नव्हते. फोनमागोमाग लेखीही आलं. लिहायचं अर्थात मी.

तुला कळवते आहे ते एवढ्यासाठी, की तुमच्या समुपदेशक बाई परवा बोलता बोलता म्हणाल्या, केंद्रात तुम्ही चौदाजणी रोज संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये आमची मालिका बघता. मला वाटलं होतं, व्यसनमुक्ती केंद्रात असलं काही लावत नसतील. ‘बंदी घातली तर चोरून बघतील,’ बाई म्हणाल्या, ‘त्यापेक्षा माझ्यासमोर बघू देत.’ सुरुवातीची नावं संपेपर्यंत तू दाराबाहेर थांबतेस, असंही त्या म्हणाल्या. माझं नाव पडद्यावर पाच सेकंद असतं. पाच सेकंदांसाठी उठून बाहेर जायचं म्हणजे चिकाटी आहे हं तुझी.

तर अचानक बघून धक्का बसू नये म्हणून आधीच सांगितलं. बाकी काही नाही.

पण पत्र सुरूच केलंय तर लिहिते. कप्तान केंद्रात गेली आणि बघणारे कमी झाले. ती बिघडत होती तेव्हा आमची मालिका पहिली होती, आता सहावी. मॅडम म्हणाल्या, ‘बरी व्हायला लागली की गोष्ट संपते हो. लोकांनी बघायचं काय, तिनं दात घासलेले?’ मी हसले. बैठकीत सगळेच हसले. मेकअपदादा कोपऱ्यात त्यांचे ब्रश पुसत होते, तेवढे हसले नाहीत. कप्तानच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं तेच काढतात. तेवीस वर्षांच्या नटीला सोळाची करायचं, मग सोळाच्या पोरीला आजारी करायचं, आणि तरी सुंदर ठेवायचं. ‘दहावीच्या परीक्षेत माझ्या मुलीला यापेक्षा मोठी वर्तुळं आली होती,’ ते म्हणतात. ‘पण मॅडमना एवढीच चालतात.’

आणखी एक, तुझ्या डोक्यात काही असेल तर. कप्तान पोहते, तू बॅडमिंटन खेळायचीस. तिचा खांदा दुखावला, तुझा गुडघा. मी तुझ्यावर लिहिलेलं नाही. सातवा भाग लागला त्या संध्याकाळपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आईला भेटतेस, मला भेटत नाहीस. आठ महिने झाले.

ही पत्रं बाई आधी वाचतात ना? बाई, नमस्कार.

तुझी ताई


गुरुवार, ६ तारीख

प्रिय भिंगरी,

काल आई तुला भेटून आली आणि आल्या आल्या माझ्यावर घसरली.

‘तुझ्या त्या कप्तानला तीन भागांत बरं केलंस. आपली अजून तिथे कशी?’

‘आई, ती गोष्ट आहे.’

‘असेना का. कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं तिला?’

‘कुठल्याच नाही! डॉक्टर म्हणजे एक नट होता. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालिकेत इन्स्पेक्टर होणार आहे.’

‘मग असं खोटं दाखवता कशाला?’ असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, ‘आणि त्या पोरीच्या आईला एवढं रडकं कशाला केलंय? मी अशी रडते का?’

मी म्हटलं, ती तू नाहीस. यावर तिनं जे हुं केलं ते तुला माहीत आहे.

मला दोन दिवस धड बसवत नाहीये. टेबलापाशी बसते, उठते, खिडकी उघडते, बंद करते. मरणाचा सीन लिहायला घेतलाय. जांभळा प्रकाश, हळू चालणारा कॅमेरा, सांडलेल्या रंगीत गोळ्या. त्या गोळ्या आमचा प्रॉपवाला साखरेच्या बनवतो. नटी शॉट झाला की दोन-चार खाऊन टाकते. मग मोठी बहीण धावत येते, दार तोडते, तिचं डोकं मांडीवर घेते. दिग्दर्शकाला हे आवडलंय. ‘बहिणीला अजून धावव,’ म्हणाला, ‘जिन्यावरून आण.’

जिना घालते आहे.

तुमच्या बाईंना मी फोन करून विचारलं की मुलींना आधी सांगणार का. त्या म्हणाल्या, ‘चौदांपैकी एकीनं जरी मनात म्हटलं की शेवटी असंच होतं, तर माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.’ चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ताई


मंगळवार, ११ तारीख

भिंगरी,

तुझं पत्र आलं. आठ महिन्यांनी एक ओळ:

‘गरम दुधाचं वाक्य माझं आहे.’

पाकिटात आणखी काही राहिलंय का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं.

हो. तुझं आहे.

मागच्या सोमवारी लिहिलं होतं की मी तुझ्यावर लिहिलेलं नाही. ते खोटं होतं. पण ‘थोडं खोटं’ म्हणावं असं अजूनही वाटतं आहे, तेव्हा सरळच लिहिते. पलंगाला टेकून तू जमिनीवर बसली होतीस. नाकाचा शेंडा खाजवून लाल केला होतास. मी विचारलं, काय होतंय तुला? तू डोळे मिटून म्हणालीस, ‘ताई, हाडांत कुणीतरी गरम दूध ओततंय.’ मी आत जाऊन ते लिहून ठेवलं. सातव्या भागात कप्तान ते म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते मोबाईलच्या कव्हरवर होतं, मुलींच्या वह्यांवर होतं. एका कार्यक्रमात मला त्याच वाक्यासाठी बक्षीस मिळालं. तेव्हा मी भाषणात म्हणाले, ‘ही मुलं काय बोलतात ते फक्त कान देऊन ऐकलं पाहिजे.’ टाळ्या पडल्या.

मघाशी मध्येच उठून बाहेर चालून आले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि परत फिरले. तिथला माणूस अजून विचारतो, धाकटी कशी आहे.

तुला काय हवंय? पडद्यावर तुझं नाव? ते तर तुला नको असणार. मी ते वाक्य घ्यायला नको होतं असं म्हणायचंय का? चॅनेलनं कप्तानच्या मरणाच्या क्षणी ते पुन्हा वाजवायचं ठरवलंय, मागे संगीत घालून. ते मी थांबवू शकत नाही. की शकते? बघते.

लिही. शिव्या दे हवं तर, पण एका ओळीपेक्षा जास्त लिही.

ताई


शनिवार, १५ तारीख

भिंगरी,

चार पानं! आणि पहिलं दीड पान नुसती टिंगल. ‘ताई, व्यसन लागल्यावर कप्तानचे केस जास्त कसे चमकायला लागले? कुठला शाम्पू गं?’ ‘ती उलटी करते तीही ओंजळीत मावेल एवढी, आणि पुढच्या शॉटला लिपस्टिक जागच्या जागी. आम्ही हॉलमध्ये लोळून हसतो.’ ‘आम्हा चौदाजणींमध्ये पार्टीत सुरुवात झालेली एकही नाही, सगळ्यांची घरच्याच कपाटातून झाली, आणि तुमच्याकडे दर वेळी पार्टी.’ मी एकटीच मोठ्यानं हसले. आई बघायला आली. बऱ्याच दिवसांनी तुझा आवाज ऐकल्यासारखं झालं.

मग तिसरं पान.

तुझ्या खोलीत नवी आलेली, सोळा वर्षांची. रोज ‘उद्या घरी जाणार’ म्हणते म्हणून तिला तुम्ही पाहुणी म्हणता. पहिल्याच दिवशी तिनं तुला सांगितलं की तिनं पहिली गोळी त्या वाक्यासाठी घेतली. हाडांत गरम दूध म्हणजे कसं, ते तिला बघायचं होतं. ते वाक्य तुझं आहे हे तिला माहीत नाही. तू सांगितलेलं नाहीस. ‘रोज तिला ताप आला की कपाळावर पट्ट्या मीच ठेवते,’ तू लिहितेस. ‘ती थँक्यू म्हणते. मला ऐकवत नाही.’

आणि त्याखाली: ‘तू अर्धंच घेतलंस ताई. मी पुढे काय म्हणाले होते ते तुझ्या वहीत आहे. मी बघितलंय. आधी ते पूर्ण कर, मग बोलू.’

वही काढली. आहे. ‘हाडांत कुणीतरी गरम दूध ओततंय, आणि मग ते नासतं, आणि तो वास माझाच मला येत राहतो.’ दुसऱ्या अर्ध्यावर माझीच काट आहे, निळ्या शाईची. बाजूला लिहिलंय: ‘लांब होतंय.’

बारा वर्षं मी लिहिते आहे. वाक्य लांब झालं की शेपूट कापायची, हा हात बसलाय माझा. नटाला श्वास पुरला पाहिजे, जाहिरातीच्या आधी टाळी पडली पाहिजे. ते वाक्य कापताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. उलट किती नेमकं झालं म्हणून मी खूश झाले होते.

तू वही बघितली आहेस म्हणजे तारखाही बघितल्या असशील. तरी मीच लिहिते, कारण तू ते चार पानांत कुठेही म्हटलेलं नाहीस आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

मला माहीत होतं. एकवीस दिवस. आईच्या पाठीच्या गोळ्यांची पाकिटं तुझ्या कंपासपेटीत मला दिसली, तेव्हापासून तू पडलीस त्या दिवसापर्यंत. मालिका मंजूर व्हायची होती, नमुन्याचे पाच भाग द्यायचे होते, आणि तू रोज काहीतरी बोलत होतीस. उद्या सांगू आईला, हा भाग झाला की सांगू, असं माझं चाललं होतं. भाग चांगले होत होते.

ज्या दुपारी तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. आवाज ऐकला. हातात होता तो परिच्छेद मी पूर्ण केला. मग उठले. चार मिनिटं असतील, पाचही असतील. जिना वगैरे नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून घेते? मी म्हटलं, आम्हाला आजच कळतंय. आई शेजारी उभी होती.

हे आईला अजून माहीत नाही. कुणालाच नाही. आता तुला, आणि वाचत असतील तर बाईंना.

ताई


गुरुवार, २० तारीख

भिंगरी,

क्रमानं सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

रविवारी आईला सांगितलं. ती कपाटातल्या चादरी काढून पुन्हा घड्या घालत होती. सांगून झालं तरी तिचे हात थांबले नाहीत. तीन चादरी झाल्यावर म्हणाली, ‘मला वाटायचं मीच आंधळी. घरात असून मला दिसलं कसं नाही, म्हणून रोज स्वतःला कोसत होते.’ मग चौथी चादर माझ्या हातात दिली. ‘धर तिकडून. तू तर बघत होतीस.’ एवढंच. त्यानंतर आम्ही दोघींनी सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. काल ती माझ्याशी बोलली, पण ‘चहा ठेवलाय’ याच्यापुढे नाही.

सोमवारी मी मरणाचा सीन फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात कप्तान मरत नाही आणि बरीही होत नाही. दुपारचे चार वाजलेत, केंद्रात करायला काही नाही, ती आणि तिची बहीण चादरींच्या घड्या घालताहेत. कप्तान म्हणते, कंटाळा आलाय. बहीण म्हणते, किती? कप्तान म्हणते, गोळीएवढा. मग बहीण सांगते की तिला माहीत होतं. आणि कप्तान ते वाक्य म्हणते, अख्खं, नासण्यासकट. तू लिहिलं होतंस ना, की टीव्हीवर कुणी कधी कंटाळत नाही आणि तुमचा अर्धा दिवस कंटाळ्याशी मारामारी करण्यात जातो? ते तुझंच. या वेळी विचारते आहे: घेऊ का? उत्तर यायच्या आत सीन दिला हे खरं आहे. माझी खोड गेलेली नाही. तू नाही म्हणालीस तर काढायला सांगेन, आणि यापुढे विचारून घेईन.

मंगळवारी चॅनेलच्या मॅडमनी तो वाचला. वाईट बाई नाही ती. दोनदा वाचला तिनं. ‘छान आहे हो,’ म्हणाली, ‘पण यात घडतं काय?’

मी म्हटलं, ‘ती चादरीची घडी घालते आणि गोळी घेत नाही.’

‘ते दिसत नाही ना पडद्यावर.’

‘घरी बसलेल्या एखादीला दिसेल.’

‘माझ्या वरच्या माणसाला दिसायला हवं,’ ती म्हणाली. ‘मरण तर होणारच. तुम्ही लिहिताय की दुसऱ्या कुणाला देऊ?’

मी म्हटलं, मरणाच्या वेळी ते अर्धं वाक्य वाजवणार नसाल तर लिहिते. ती म्हणाली, त्याच वाक्यासाठी तर लोक थांबणार आहेत.

मग मी म्हटलं, द्या दुसऱ्याला.

मोठ्या रुबाबात म्हटलं असं समजू नकोस. दाराबाहेर आल्यावर आठवलं की छत्री आतच राहिली. परत जाऊन मागायची लाज वाटली. मेकअपदादांनी ती आणून दिली. ‘सोडलीत?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘बरं,’ म्हणाले, ‘माझा अजून मुलीच्या कॉलेजचा प्रश्न आहे.’ जणू मी त्यांना जाब विचारला होता.

काल बाईंना फोन केला. सांगितलं की मी थांबवू शकले नाही, २८ तारखेला कप्तान मरणार आणि ते वाक्यही वाजणार, अर्धं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही त्या शुक्रवारी इथे या.’

‘भिंगरीला चालेल?’

‘ते मी तिला विचारीन. तुम्ही येणार का ते सांगा.’

येईन म्हटलं. लगेच म्हटलं, पण फोन ठेवल्यावर घरात सात-आठ चकरा झाल्या.

ताई


सोमवार, २४ तारीख

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. ‘घे. पण बहिणीला रडवू नकोस, तू कुठे रडली होतीस?’ बरोबर आहे. तिचं रडणं काढायचं होतं, पण आता ते माझ्या हातात नाही, असं लिहायला बसले होते. तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन आला.

पार्टीचा सीन होता उद्याच्या भागात, नेहमीचा, दिवे आणि धूर. त्याचा हॉल ऐन वेळी मिळाला नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद भरायची होती आणि सेटवर केंद्राची खोली उभीच होती. ‘तुझा तो चादरीचा सीन पडून होता,’ तो म्हणाला, ‘शूट करून टाकला. बरा झालाय. नटी वैतागली, म्हणते चादरीची नीट घडी होत नाही. ते ठेवलंय तसंच.’

‘वाक्य?’ मी विचारलं.

‘पूर्ण आहे. कापायला वेळच कुणाला होता!’

‘बहीण रडते का?’

‘नाही. तिला सांगितलं, हातात चादर आहे, रडून ओली करू नकोस.’

तेव्हा उद्या, मंगळवारी, साडेसहाला ते लागेल. चॅनेलला पटलं म्हणून नाही, हॉल मिळाला नाही म्हणून. त्यात माझी काही मर्दुमकी नाही. पाहुणीला त्या वेळी हॉलमध्ये बसव, ताप नसेल तर. वाक्य कुणाचं ते तिला सांगायचं की नाही, हे तू ठरव. मात्र ते कापलं कुणी, हे तिला शुक्रवारी मीच सांगणार आहे.

कारण शुक्रवारी मरण ठरलेलंच आहे. नव्या लेखिकेनं लिहिलं, माझा जिना तिनं ठेवलाय. मी साडेपाचला पोहोचते. आई बरोबर येणार आहे. स्वतःहून म्हणाली, ‘मी मागे बसेन.’ बाईंनी सांगितलंय, फोन दाराशी जमा करायचा, मुलींना समजवायला जायचं नाही, भाषण करायचं नाही. सगळ्यांबरोबर बसून भाग बघायचा, मग टीव्ही बंद करून जे विचारतील त्याला उत्तर द्यायचं. तेराजणींनी प्रश्न लिहून दिलेत म्हणे. एकीनं विचारलंय, कप्तानला तुम्ही का मारलंत? एकीनं विचारलंय, शाम्पू कुठला?

चौदावीनं, म्हणजे नावं संपेपर्यंत दाराबाहेर थांबणारीनं, लिहून दिलेला नाही. ती समोर विचारणार आहे, असं बाई म्हणाल्या. आणि सुरुवात तिच्यापासूनच होईल.

ताई